रविवार कुणाचा?

(पुण्यात तरुण कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजची बैठक रविवारी ठेवली आहे. संयोजकांचा मेसेज होता, ‘रविवार आहे, सगळे मोकळेच असतील.’ मला विषय दिला ‘कल्याणकारी योजना आणि सामाजिक विषमता’. मी अर्थतज्ज्ञ नाही आणि पूर्णवेळ कार्यकर्ताही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय पस्तीस, कोंढव्यात राहतो, सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर बसतो. त्यामुळे विद्वानांसारखं काही बोलायला गेलो तर फजिती होईल. मी माझ्या घरातल्या शनिवार-रविवारबद्दल बोलतो. तुमचा विषय तिथेच होता, मला तो उशिरा दिसला.

आमचा वीकएंड तुमच्यासारखाच असतो. शनिवारी उशिरा उठायचं. मुलगी तिसरीत आहे, ती आधीच उठून मोबाइल शोधत असते. मी गाडी धुतो, किंवा धुवायची असं ठरवतो. अम्मी-अब्बा गावाकडे, बार्शी तालुक्यात असतात. त्यांना व्हिडिओ कॉल. त्यात निम्मा वेळ अम्मीच्या कपाळाचाच फोटो दिसतो. रविवारी सकाळी मटणाची रांग. रांगेत ओळखीचे चौघे भेटतात, देशाचं राजकारण तिथेच मिटतं. दुपारी बिर्याणी नाहीतर दालचा-भात, मग झोप. संध्याकाळी पोरीला घेऊन बाग, पाऊस असेल तर खडकवासला आणि भाजलेलं कणीस.

या वर्णनात एक माणूस मी सांगितलाच नाही. मुद्दाम नाही सांगितला, कारण बरीच वर्षं मीही तिला असंच वगळत होतो. सकाळी सव्वासातला आमच्या घराची बेल वाजते. शनिवारीही, रविवारीही. आमच्याकडे चपात्या आणि भांडी करणारी बाई येते. मी तिचं नाव इथे घेणार नाही. आम्ही तिला आपा म्हणतो, माझी मुलगी खाला म्हणते. आपाकडे आमच्याच सोसायटीतली चार घरं आहेत. चारही मिळून महिन्याला नऊ हजारांच्या आसपास मिळतात. मूळची बीडकडची. आठवीतली एक मुलगी. नवरा नऊ वर्षांपूर्वी ‘भिवंडीत यंत्रमागावर काम लागलंय’ म्हणून गेला तो गेलाच. तिकडे त्यानं दुसरं घर केलंय असं नणंदेकडून कळलं. तलाक दिलेला नाही. तीनदा नाही, एकदाही नाही. काही न बोलताच गेला.

गेल्या ऑक्टोबरमधला एक रविवार. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, आणि भाभी जेवायला येणार होते. घरातले सगळे त्याला भाईजान म्हणतात, मीही म्हणतो. बायकोनं आपाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, ‘उद्या पाहुणे आहेत, थोडी लवकर ये.’ ती साडेसहाला आली. कणीक मळून झाल्यावर तिनं पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं, मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘लाडकी बहीण’चं ते केवायसी करून दे. सायबर कॅफेवाल्यानं पन्नास रुपये घेतले आणि तुमचं होत नाही म्हणाला.

योजना तुम्हाला माहीत आहे. २०२४ च्या जुलैपासून, २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिन्याला १५०० रुपये. आपाच्या खात्यात २०२४ च्या रक्षाबंधनाआधी दोन महिन्यांचे मिळून ३००० आले तेव्हा तिनं आमच्या घरी पेढे आणले होते. तिच्या आयुष्यात ठरल्या तारखेला, कुणापुढे उभं न राहता आलेले ते पहिले पैसे असावेत. पुढच्या हप्त्यांतून मुलीचा गणवेश, शिकवणीची फी, एकदा चष्मा झाला. चष्म्याचं मला आठवतं, कारण त्याआधी पोरगी फळा दिसत नाही म्हणून वर्गात मैत्रिणीची वही बघून लिहायची.

मग २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली. पडताळणी नको असं माझं म्हणणं नाही. सरकारी नोकरीतल्या बायकांनी, आणि चक्क काही पुरुषांनीही, हे पैसे घेतल्याचं त्याच वर्षी उघड झालं होतं. तपासणारच. मी आपाचा आधार क्रमांक टाकला, तिच्या फोनवर ओटीपी आला, पुढे गेलो. पुढच्या पानावर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा होता, आणि त्याचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार होता. वडील वारलेत. नवरा भिवंडीत.

मी तिला विचारलं, त्याचा नंबर आहे का? म्हणाली, नणंदेकडे आहे. मी म्हटलं, मग एक फोन लाव, सहा आकडे विचार, दोन मिनिटांचं काम आहे. मी खरंच असं म्हणालो. मला ते तांत्रिक काम वाटलं. आपा कणकेच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘नौ साल में उसके कने रोटी नै मांगी, अब नंबर मांगू क्या?’

मी लॅपटॉप बंद केला.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी. फॉर्ममध्ये ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते तो भरल्याशिवाय पुढचं बटण चालत नाही. ती लाल चांदणी कुणीतरी माझ्यासारखा माणूस, एसीत बसून, कॉफी पीत लावत असतो. मी लावलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं पोर्टल बनवत होतो. ‘जवळच्या नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक’ हा रकाना सक्तीचा होता. टेस्टिंग करणाऱ्या मुलीनं नोंद टाकली की ज्यांना असं कुणी नाही त्यांचं काय? आमच्याकडे अशा प्रश्नाला ‘एज केस’ म्हणतात, कडेचा एखादा. मी उत्तर लिहिलं, ‘असे लोक फार थोडे, पुढच्या टप्प्यात बघू’, आणि नोंद बंद केली. पुढचा टप्पा आलाच नाही. त्या रविवारी मला ती नोंद आठवली. तिच्या क्रमांकासकट आठवली.

मला जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. या योजनेच्या पात्रतेच्या नियमात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार हे शब्द शेजारी शेजारी आहेत. परित्यक्ता, म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. ज्यानं नियम लिहिला त्याला आपा माहीत होती. मोबाइलवरच्या पानापर्यंत येता येता ती गळली. पुढे ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि पती-वडील हयात नसलेल्या किंवा घटस्फोटित बायकांनी स्वतःचं ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असंही ठरलं. चांगलं झालं. पण आपाचा नवरा मेलेला नाही आणि तिला तलाकही झालेला नाही. दोन्ही कागद तिच्याकडे नाहीत, कारण तिच्या बाबतीत काही घडलंच नाही. एक माणूस घरातून बाहेर गेला, एवढंच.

इथे आपल्या घराकडेही बघायला हवं. मी आमच्या भागातल्या एका जमातीच्या ट्रस्टींकडे गेलो. म्हटलं, ही बाई नऊ वर्षं एकटी राहते हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, तेवढं एका कागदावर लिहून सही-शिक्का द्या. ते म्हणाले, आमच्यात तसं पत्र देत नाहीत, शौहरला बोलवा, समजूत घालू. शौहरच मिळत नाही हीच तर तक्रार होती! याच लोकांनी रमजानमध्ये तिला रेशनचं किट दिलं होतं, तेल-साखर-खजूर, आणि फोटोही काढला होता. जकात देणाऱ्यांबद्दल मला वाईट बोलायचं नाही, मीही देतो. पण आपण किट द्यायला चटकन तयार होतो आणि सही द्यायला घाबरतो. किट महिनाभर पुरतं.

२०१९ च्या कायद्यानं एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा ठरवला. जो नवरा काहीच न बोलता निघून जातो त्याला त्या कायद्याची धास्ती नाही. मात्र जुना एक कायदा आहे, तो या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असावा म्हणून सांगतो. १९३९ चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, किंवा त्यानं दोन वर्षं पोटगी-खर्च दिला नसेल, तर बायको कोर्टाकडून निकाह रद्द करून घेऊ शकते. नवऱ्याची परवानगी लागत नाही. आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते कार्यालय असतं. हे आपाला कुणी नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं. मीही नाही, मला माहीतच नव्हतं, बायकोनं शोधलं.

परत त्या रविवारी. एक वाजता भाईजान आले. माणूस दिलदार आहे. एका औषध कंपनीत मोठ्या पदावर आहे, दोन्ही लहान बहिणींचं शिक्षण त्यानंच केलं. जेवताना मी सकाळची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘वाईट वाटतं. पण खरं सांगू, या फुकटच्या योजनांनी लोक आळशी झालेत. आपण टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं.’ आपा तेव्हा आत भांडी घासत होती. नळाचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ऑफिसात, चहाच्या मशीनजवळ. एक सहकारी हसत हसत म्हणाला होता, ‘तुमचं बरं आहे, तुम्हा लोकांना सगळं फुकट.’ तेव्हा मी आठवडाभर धुमसत होतो. तेच वाक्य माझ्या घरात, माझ्या ताटापाशी, आपल्याच माणसानं म्हटलं आणि मी रायत्याची वाटी पुढे सरकवली. लोक पाहुणे होते म्हणून गप्प बसलो असं म्हणता येईल. पण खरं कारण वेगळं. मलाही थोडं तसंच वाटत होतं.

रात्री झोप येईना. मी वही घेतली आणि मला काय काय ‘फुकट’ मिळालं ते लिहायला बसलो.

माझे दादा-दादी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते. दादी सांगायची की सावलीला झाड नव्हतं, लेकरं साडीच्या झोळीत. त्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ ला तिचा कायदा झाला. देशाचा रोजगार हमीचा कायदा यायला पुढे २००५ साल उजाडलं. आता गंमत बघा. तुमच्यापैकी जे पगारदार आहेत त्यांनी सॅलरी स्लिप काढा. त्यात ‘पी. टॅक्स २००’ अशी एक ओळ असते, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर १९७५ साली महाराष्ट्रात बसवला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. मी बारा वर्षं ती ओळ बघत होतो. तिचा माझ्या दादीच्या हातातल्या घणाशी संबंध आहे हे मला माहीत नव्हतं.

मी १९९६ ला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गेलो. फी नाही. हजेरी ऐंशी टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. शिजवलेली खिचडी नंतर आली. अम्मीनं जुन्या परकराची पिशवी शिवून दिली होती. मी ताप आला तरी शाळेत जायचो, तांदूळ बुडेल म्हणून. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ‘पंक्चरवाले’ हा शब्द आज आपल्यासाठी शिवीसारखा वापरतात. माझे अब्बा खरोखर पंक्चर काढायचे, आणि फार चांगलं काढायचे. पिवळं रेशन कार्ड होतं. सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला २००८ ला. त्याच्या आदल्या वर्षी, सच्चर समितीच्या अहवालानंतरच्या धामधुमीत, अल्पसंख्याक मुलांसाठी ‘मेरिट-कम-मीन्स’ शिष्यवृत्ती सुरू झाली होती. वर्षाला वीस हजारांपर्यंत फी आणि होस्टेलवर राहणाऱ्याला महिन्याला हजार रुपये, वर्षाचे दहा महिने. ती नसती तर मी आज अब्बांच्या दुकानात असतो. दुकान वाईट नव्हतं, पण तुम्ही मला भाषणाला बोलावलं नसतं.

म्हणजे मी आळशी झालो का? भाईजानच्या हिशेबानं व्हायला हवा होतो. तांदूळ खाऊन, शिष्यवृत्ती घेऊन, आज वर्षाला लाखांत कर भरतो. सरकारचा तो सौदा तोट्याचा झाला असं मला वाटत नाही.

बरं, ते गरिबीतलं झालं. आता नोकरी लागल्यावर मिळालेलं फुकट. आमचा फ्लॅट कर्जावर आहे. (व्याजाचं कर्ज घेतलं म्हणून माझे एक चुलते अजून नीट बोलत नाहीत, तो वाद वेगळा, आज नको.) जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत सूट मिळते. मी ३० टक्क्यांच्या टप्प्यात. सेस धरून वर्षाला ६२,४०० रुपये कर कमी. आपाचे वर्षाचे १८,००० होतात. माझी सूट तिच्या रकमेच्या जवळजवळ साडेतीन पट. त्यासाठी मला बायकोचा ओटीपी लागला नाही, कुणी अंगठा घेतला नाही, कुणी ‘लाडका भाऊ’ म्हणून माझा फोटो बॅनरवर लावला नाही. एचआरनं एक मेल पाठवला, मी बँकेचं सर्टिफिकेट जोडलं. तीन मिनिटं. याला आम्ही टॅक्स प्लॅनिंग म्हणतो.

आणि आपा कर भरत नाही हे कुणी सांगितलं? तिच्या फोनचं २९९ चं रिचार्ज घ्या. त्यात ४५ रुपये जीएसटी आहे. मीही तेवढाच भरतो. माझा पगार तिच्या कितीतरी पट आहे आणि रिचार्जवरचा कर दोघांना सारखा. रिचार्ज न करावं तर ओटीपी येणार नाही.

सगळ्यात मोठा फरक पैशांत नव्हे, दिवसांत आहे. घरकामात एक शब्द आहे, खाडा. कामाला न आलेला दिवस. आपाचा एक खाडा तीनशेला पडतो. दाखल्यासाठी एक चक्कर, साहेब नाहीत म्हणून दुसरी, झेरॉक्स अपुरी म्हणून तिसरी. तीन खाड्यांचे नऊशे. रिक्षा-बसचे वेगळे. पंधराशे मिळवायला नऊशे घालवायचे. त्याआधी तिनं संजय गांधी निराधार योजनेसाठी प्रयत्न केला होता. ती योजना १९८० पासून आहे, टाकलेल्या बायकाही तिच्यात बसतात. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १७५०. आपा नऊ हजार कमावते. म्हणजे ती राबते म्हणून निराधार नाही. चार खाडे करून हे कळलं.

मी म्हटलं, मी येतो तुझ्याबरोबर, मी बोलतो साहेबांशी. कधी? शनिवारी. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचाही पाच दिवसांचा आठवडा आहे. मला सुट्टी असते तेव्हा साहेबांनाही असते. साहेब असतात तेव्हा मी मीटिंगमध्ये असतो. आणि आपा सातही दिवस आमच्या ओट्यापाशी असते.

हे मी बायकोला मोठ्या तावातावानं सांगितलं. म्हटलं, बघ, व्यवस्था कशी आहे, गरिबाला कागद करायलाही दिवस मोकळा नाही. ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, ‘आपण तिला रविवारची सुट्टी कधी दिली?’

पाच वर्षं आपा आमच्याकडे आहे. मी मनात शोधलं. ईदला सुट्टी, दोन्ही ईदला, आणि ती आजारी पडली तेव्हा. ठरलेली, दर आठवड्याची, पैसे न कापता, एकही नाही. आम्ही खाडा धरत नव्हतो असंही नाही. महिन्यातून दोन माफ, तिसऱ्यापासून कापायचे. हा नियम कुणी बनवला माहीत नाही, सोसायटीत सगळीकडे तोच आहे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. तो असताना आमच्या स्वयंपाकघरात नियम चालत होता तो आमचाच.

तुम्हाला नारायण मेघाजी लोखंडे माहीत असतील. जोतिराव फुल्यांचे सहकारी. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल झाली तेव्हा हाच माणूस सलोख्यासाठी कामगारांत फिरला. आपण जो ‘वीकएंड’ म्हणतो तो आयटी कंपनीनं दिलेला नाही. बिर्याणी, झोप, खडकवासला, हे सगळं गिरणी कामगारांनी मागून, भांडून घेतलेलं आहे. तीही एक योजनाच आहे, आणि तिचा लाभार्थी मी आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला आणि ती माझ्या घराच्या दारातून स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली नव्हती. तिथली लाल चांदणी मीच लावलेली.

आम्ही आपाला म्हटलं, रविवारी येऊ नको, पैसे कापणार नाही. ती घाबरली. तिला वाटलं काम सुटतंय. दोनदा समजावलं. पण एका घरानं सुट्टी देऊन काय होणार, बाकी तीन घरांसाठी ती त्याच सोसायटीत येणारच. मग मी त्या तिघांकडे गेलो. एका घरातल्या आजी लगेच हो म्हणाल्या. त्यांचे वडील गिरणीत होते. दुसऱ्या घरी म्हणाले, रविवारीच तर गरज असते, बुधवारी देऊ. बुधवारची सुट्टी म्हणजे बाकीच्या तीन घरी बुधवारी यायचंच, पण मी काही बोललो नाही. तिसरे साहेब माझ्यावर हसले. म्हणाले, ‘तुम्ही लोक पण ना, बाया बिघडवताय.’ तुम्ही लोक म्हणजे आयटीवाले की मुसलमान, ते मी विचारलं नाही.

भाईजानशीही बोललो, फोनवर, भांडणासारखंच झालं. घरकर्जाचा हिशेब सांगितला तर म्हणाले, ती सूट आहे, दान नाही. मी म्हटलं, सरकारच्या तिजोरीला दोन्हीकडून तेवढाच खड्डा पडतो. ते म्हणाले, तू बदललास. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपाच्या मुलीसाठी नववीची जुनी पुस्तकं पाठवली. पटलं की नाही ते विचारू नका, पुस्तकं आली एवढं खरं.  पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद आहे, त्यामुळे तिला ती मिळत नव्हती. कारण असं दिलं की आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. चष्मा मोफत नसतो.

आता सध्याची स्थिती सांगतो आणि थांबतो. आपाचा हप्ता थांबलेला आहे. विधी सेवेच्या वकीलबाई भेटल्या, १९३९ च्या कायद्याखाली अर्ज तयार होतोय, वेळ लागेल असं त्या म्हणाल्या. तोपर्यंत परित्यक्ता असल्याचं काही चालेल का हे विचारायला एका सरकारी कार्यालयात जायचं आहे. मी येत्या मंगळवारी रजा टाकली आहे. आपाचे रविवार दोन घरांनी सोडलेत, तिसऱ्या घरचे दर आठवड्याला बघू म्हणतात.

पहिल्या रविवारी काय केलं, असं माझ्या बायकोनं तिला विचारलं. आपा म्हणाली, दोन घरची कामं उरकून दहाला घरी आले, पोरीच्या डोक्याला तेल लावलं, जेवले आणि झोपले. दुपारची झोप म्हणजे काय ते विसरलेच होते. चारला जाग आली तर छातीत धडधड, कुठल्या घरचं काम राहिलं तेच आठवेना.

मंगळवारी ती माझ्याबरोबर येईल, त्या दिवसाचा खाडा कुणी धरू नये, असा मेसेज मी चारही घरांच्या ग्रुपवर टाकला आहे. सगळ्यांनी वाचलाय. उत्तर अजून आजींचंच आलंय.